मुक्तस्रोत प्रकल्पाचे घोषवाक्य: मतदानाआधी काय ठरवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहकारी गृहनिर्माण संस्थांचा हिशेब ठेवणारे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असे, स्वयंसेवकांचा गट चालवतो. घोषवाक्यासाठी सूचना मागवल्या, साठेक आल्या आणि दोन महिने झाले तरी एकमत होत नाही. आता सरळ मतदान घेऊन टाकावे का? आणि घोषवाक्य मराठीत असावे की इंग्रजीत?

मतदान जरूर घ्या, पण आत्ता नको. साठ वाक्यांवर मतदान घेतले तर निकाल लागेल, पण वाद मिटणार नाही. वाद वरवर शब्दांचा दिसतो. खरे तर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा माणूस आहे. कोड लिहिणाऱ्याला दुसरा प्रोग्रामर खेचून आणायचा आहे. भाषांतर करणाऱ्याला ‘मराठीत आहे’ हे सांगायचे आहे. ज्याची स्वतःची सोसायटी हे वापरते, त्याला शेजारच्या सोसायटीच्या खजिनदाराचा विश्वास हवा आहे. हे तिघे एकाच वाक्यावर मत देत असले तरी तिघांचा प्रश्न वेगळा आहे. म्हणून साठ सूचना आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी एक साधे, अनाकर्षक वाक्य लिहा: कोणाला, कोणत्या अडचणीत, आपले सॉफ्टवेअर काय देते.

तुमच्या बाबतीत ते साधारण असे होईल: ‘सोसायटीचा खजिनदार बहुधा लेखापाल नसतो, त्याला दरमहा मेंटेनन्सची बिले, पावत्या आणि थकबाकी एका ठिकाणी हवी असते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणी सिंकिंग फंडाचा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीचा, आकडा विचारला तर तो तिथल्या तिथे दाखवता यायला हवा.’ हे घोषवाक्य नाही. पण यावर गटाचे एकमत झाले की साठपैकी निम्म्याहून जास्त सूचना वाद न घालता गळून पडतात, कारण त्या या माणसाशी बोलतच नाहीत.

श्रोता ठरवल्याने काय बदलते ते मोठ्या प्रकल्पांत स्पष्ट दिसते. २००५ मध्ये मॅम्बो या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या गटातून बाहेर पडलेल्यांनी जुमला हे त्याच कामाचे सॉफ्टवेअर उभे केले आणि ‘बिकॉज ओपन सोर्स मॅटर्स’ हे वाक्य घेतले. ज्यांना ती फाटाफूट ठाऊक होती, त्या योगदात्यांना यातून नेमके कळत होते. दुकानासाठी संकेतस्थळ हवे असलेल्या माणसाला मात्र त्यातून काहीच समजत नाही. त्याआधी वर्षभर, २००४ मध्ये, लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू या संगणकप्रणालीने ‘लिनक्स फॉर ह्यूमन बीइंग्ज’ म्हटले, म्हणजे माणसांसाठी लिनक्स. ते वाक्य लिनक्सला बिचकणाऱ्या माणसाकडे पाहून लिहिलेले होते. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी योग्य आहेत, फक्त त्यांची जागा एकमेकांना देता येत नाही.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे उदाहरण जास्त शिकवते. तिचे जुने वाक्य तांत्रिक होते: प्रचंड वेगाने चालणारी, सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्राम कोसळणे) टाळणारी आणि थ्रेड-सुरक्षेची (एकाच वेळी चालणारी कामे एकमेकांत गोंधळ घालणार नाहीत याची) हमी देणारी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग भाषा. २०१८ च्या अखेरीस नवे संकेतस्थळ आले तेव्हा भर माणसांवर गेला, आणि पुढे वाक्य स्थिरावले ते असे: प्रत्येकाला भरवशाचे आणि कार्यक्षम सॉफ्टवेअर घडवण्याचे बळ देणारी भाषा. यात श्रोत्यांचा परीघ वाढला, पण ‘सेगफॉल्ट टाळणारी’ या शब्दांत जे तपासता येण्याजोगे वचन होते, ते हरवले. माझे मत असे की लहान प्रकल्पाने हा सौदा करू नये. रस्टला लोक आधीच ओळखत होते. तुमच्या प्रकल्पाला अजून कोणी ओळखत नाही, म्हणून तुमच्या वाक्यात एक तरी ठोस वस्तू हवी: बिल, पावती, थकबाकी, हिशेब.

ते वचन आजच्या आवृत्तीने पाळलेले असले पाहिजे. ‘पुढच्या आवृत्तीत येतेच आहे’ म्हणून लिहिलेले घोषवाक्य पहिल्याच आठवड्यात तक्रार बनून परत येते. आकडे, कालावधी आणि ‘सर्वात’ हा शब्द इथे जपून वापरा. ओपनबीएसडी या संगणकप्रणालीच्या पानावर एके काळी असे वाक्य होते की मूळ स्थापनेत पाच वर्षे दूरस्थ हल्ल्याला वाट देणारे एकही छिद्र नाही. २००२ मध्ये ओपनएसएसएच या तिच्यासोबत येणाऱ्या दूरस्थ-प्रवेशाच्या साधनातला दोष सापडला आणि वाक्य ‘एक छिद्र’ असे करावे लागले. २००७ मध्ये आयपीव्ही६ या इंटरनेट-पत्त्यांच्या पद्धतीच्या कोडमधल्या दोषानंतर ते ‘दोनच छिद्रे’ झाले. त्या प्रकल्पाने बदल उघडपणे केला, आणि दोन असूनही ते वाक्य अभिमानाचे राहिले, कारण सुरक्षितता हाच त्यांचा खरा कस आहे. पण दोष सापडताच घोषवाक्य दुरुस्त करण्याची शिस्त तुमच्या गटात नसेल, तर आकडा घालू नका. मायएसक्यूएल स्वतःला जगातला सर्वात लोकप्रिय मुक्तस्रोत डेटाबेस म्हणवते आणि पोस्टग्रेएसक्यूएल सर्वात प्रगत. दोघांच्या मागे तसा दावा करण्याइतका इतिहास आहे. नव्या प्रकल्पाने तसे म्हटले तर वाचणारा ‘कशावरून?’ म्हणून पुढे जातो.

चांगले घोषवाक्य आतल्या निर्णयांनाही उपयोगी पडते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे ‘बॅटरीज इन्क्लूडेड’, म्हणजे लागणारी साधने खोक्यातच दिलेली आहेत, हे वाक्य इतके रुजले की जुने पडलेले भाग काढण्याच्या प्रस्तावाचे, पीईपी ५९४ चे, शीर्षकच ‘मेलेल्या बॅटऱ्या काढणे’ या अर्थाचे आहे. त्यानुसार २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत १९ मॉड्यूल, म्हणजे भाषेसोबत येणारे तयार कोडचे भाग, काढली गेली. काय ठेवायचे आणि काय काढायचे याची चर्चा घोषवाक्याच्याच भाषेत झाली. तुमच्या उमेदवार वाक्यालाही हा प्रश्न विचारा: उद्या कोणी फक्त समितीलाच दिसणारे खर्चाचे पान मागितले, तर हे वाक्य ‘हो’ म्हणते की ‘नाही’? जे वाक्य कधीच कशालाही ‘नाही’ म्हणत नाही, ते पोकळ असते.

आता भाषेकडे वळू, कारण मराठी प्रकल्प इथेच जास्त अडखळतात.

इंग्रजीतल्या ‘फ्री’ने मोफत आणि मुक्त या दोन अर्थांचा जो गोंधळ घातला, तो मराठीत नाही. विकिपीडिया मराठीत ‘मुक्त ज्ञानकोश’ आहे; तिथे ‘मोफत’ म्हटले असते तर अर्थ उणावला असता. ही सोय आपल्याकडे आहे, पण खजिनदारासमोर ‘मुक्त’ शब्द एकटा उभा केला तर ‘कशापासून मुक्त?’ असा प्रश्न उरतो, आणि ‘मोफत’ म्हटले की ‘फुकटचे, म्हणजे टिकेल का?’ ही शंका येते. म्हणून परवाना किंवा किंमत घोषवाक्यात सांगू नका, ते वर्णनात सांगा. ‘मुक्तस्रोत’ हा गुण वापरणाऱ्याच्या भाषेत उतरवता आला तर उत्तम. सोसायटीत त्याचे भाषांतर ‘सर्वांसमोर’ असे होते.

दुसरी गोष्ट ‘आपला’ आणि ‘आमचा’ यांची. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘अवर’ आहे. ‘आमचा हिशेब’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपला हिशेब’ म्हटले की तो आत येतो. लोकांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पासाठी याहून सोपी आणि मोठी देणगी भाषेत दुसरी नाही. मात्र ‘आपला’ हा शब्द आदरार्थी ‘तुमचा’ म्हणूनही वापरतात, हे ध्यानात ठेवा: ‘आपला हिशेब आमच्यावर सोपवा’ असे लिहिले की तोच शब्द बँकेच्या पत्रातला होतो. सोबतच्या शब्दांवरून अर्थ ठरतो, म्हणून वाक्य मोठ्याने वाचून पाहा.

क्रियापदाचेही तसेच. ‘करा’, ‘ठेवा’, ‘पाहा’ चालतील, पण तीन आज्ञा ओळीने आल्या की सरकारी फलक वाटतो. क्रियापद गाळलेले वाक्य मराठीत सहज उभे राहते. एसटीवरचे ‘प्रवाशांच्या सेवेसाठी’ त्याचा नमुना. ‘विना सहकार नाही उद्धार’ यातही क्रियापद ‘नाही’ एवढेच, आणि ‘सहकार’-‘उद्धार’ हे यमक ते वाक्य तोंडात ठेवते. तुमचे वापरकर्ते सहकारातले आहेत, ते वाक्य त्यांना पाठ आहे. त्याची नक्कल करू नका, पण लांबी आणि ठेका तिथून घ्या: चार शब्द, मध्ये एक थांबा. संस्कृत ब्रीद घेण्याचा मोह टाळा. ते पोलीस दलाला आणि विद्यापीठाला शोभते. खजिनदाराला त्यातून सॉफ्टवेअर काय करते ते कळणार नाही.

मराठी की इंग्रजी? दोन्ही, पण एकाचे भाषांतर दुसरे नको. दोन्ही भाषांतल्या गटांना तेच अनाकर्षक वाक्य द्या आणि आपापले घोषवाक्य घडवू द्या. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या ‘ड्रॉ फ्रीली’मध्ये मनमोकळे आणि मुक्त परवान्याचे असे दोन्ही अर्थ आहेत. शब्दशः गेलात तर ‘मोकळेपणाने काढा’ असे काहीतरी निर्जीव हाती येते. मराठीतूनच विचार केला तर ‘मुक्तहस्ते रेखाटा’ सापडते: मुक्तहस्त चित्र शाळेपासून सर्वांना माहीत, ‘मुक्त’ही आत आले आणि ‘मुक्तहस्ते’मधली उदारताही. भाषेत आधीपासून असलेला असा शब्द शोधण्याला वेळ द्या. केरळमधल्या स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या गटाचे घोषवाक्य मलयाळममध्येच आहे, अर्थ ‘माझ्या संगणकाला माझी भाषा’. इंग्रजीतून आलेले नाही, म्हणूनच ते थेट भिडते.

प्रक्रियेला साधारण पाच आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात ते अनाकर्षक वाक्य पक्के करा आणि मतदार कोण हेही तेव्हाच लिहून ठेवा. अमुक तारखेपर्यंत ज्यांचे कोड, भाषांतर, दस्तऐवज, चाचणी किंवा पडताळलेली दोष-नोंद स्वीकारली गेली, ते सगळे मतदार. ही यादी नंतर ठरवली तर ती निकाल पाहून ठरवली असा संशय येतो, आणि तो पुसता येत नाही. पुढचे दहा दिवस सूचना पुन्हा उघडा. प्रत्येक सूचनेसोबत ‘हे वाक्य प्रकल्पाने हवे तसे वापरावे, माझा हक्क नाही’ अशी एक ओळ घ्या. इतक्या छोट्या वाक्याला कॉपीराइट सहसा मिळत नाही, पण लेखी असलेले बरे.

मग तिघाचौघांच्या छोट्या गटाने चाळणी करावी. त्यात एक तरी माणूस प्रोग्रामर नसावा. गटाचे काम सौंदर्य ठरवणे नाही, फक्त नापास करणे आहे, आणि प्रत्येक नापासाचे कारण एका ओळीत जाहीर करणे. नापास करण्याच्या कसोट्या अशा:

वाक्यातून प्रकल्पाचे नाव काढून दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरचे घातले तरी चालते का? ‘सोपे, जलद, सुरक्षित’ इथे पडते. वाक्याचा उलटा अर्थ कोणी कधी म्हणेल का? ‘दर्जेदार’च्या उलट ‘निकृष्ट’ असा दावा कोणीच करत नाही, म्हणजे तो शब्द काही सांगत नाही. दुसऱ्या उत्पादनाचे नाव आहे का? ‘अमक्याला पर्याय’ म्हटले की तुम्ही कायमचे दुसऱ्या क्रमांकावर बसता, शिवाय नोंदणीकृत नावाचा प्रश्न येतो. तंत्राचे नाव आहे का? आज ज्या फ्रेमवर्कवर उभे आहात ते चार वर्षांनी बदलेल. गटातल्यांनाच कळणारा विनोद आहे का? हिंदी, गुजराती, कन्नड, कोंकणीत वेगळा किंवा अशोभनीय अर्थ निघतो का? मुंबई-ठाण्यातल्या एका सोसायटीत या सगळ्या भाषा बोलल्या जातात, म्हणून त्या त्या भाषेच्या माणसाला विचाराच.

एक चूक चाळणी करणाऱ्या गटाकडून हमखास होते: दोन चांगली वाक्ये जोडून तिसरे करणे. ‘सोपा हिशेब, पारदर्शक कारभार, सक्षम सोसायटी’ असे त्रिकूट तयार होते, कोणाचा विरोध उरत नाही आणि लक्षातही काही राहत नाही. जोडकाम करायचे नाही, हा नियम आधीच लिहा.

चार-पाच वाक्ये उरली की प्रकल्पाबाहेरच्या आठ-दहा जणांवर ती तपासा. त्यात निम्मे तरी सचिव किंवा खजिनदार असावेत. प्रत्येकाला एकच वाक्य पाच सेकंद दाखवा आणि ‘हे कशाबद्दल असेल?’ एवढेच विचारा. ‘आवडले का?’ हा प्रश्न विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘काल काय वाक्य होते?’ विचारा. शब्द बदलून सांगितले तर तो बदल टिपून ठेवा. अनेकदा लोकांनी चुकून केलेला बदल मूळ वाक्यापेक्षा सुटसुटीत असतो, आणि तो स्वीकारण्यात कमीपणा नाही.

आता मतदान. एक माणूस एक मत या पद्धतीत सारख्या आशयाची वाक्ये एकमेकांची मते खातात. समजा ४० मतदार आहेत. पारदर्शकतेवरच्या दोन वाक्यांना १३ आणि १२ मते पडली, वेगावरच्या एकाला १५. जिंकते वेगावरचे, जरी २५ जणांना पारदर्शकता हवी होती. म्हणून पसंतीक्रम घ्या: प्रत्येकजण सगळी वाक्ये क्रमाने लावतो, आणि जोडीजोडीने तुलना करून जे इतर प्रत्येकाला हरवते ते निवडले जाते. ही कॉन्डोर्से पद्धत. डेबियन हा लिनक्स प्रणाली बनवणारा प्रकल्प आपले निर्णय तिच्याच एका प्रकाराने घेतो, आणि तिथल्या मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणतेही नाही’ हाही पर्याय असतो. तो तुमच्याकडेही ठेवा. तो जिंकला तर वाईट वाटून घेऊ नका: घोषवाक्याविना प्रकल्प चालतो, नको असलेले वाक्य मात्र रोज डोळ्यांपुढे येते. मतदान सात दिवस ठेवा, म्हणजे शनिवार-रविवार आत येतो.

निकाल लागेपर्यंत नवे शब्द सॉफ्टवेअरमध्ये घालू नका. २०२० च्या जुलैमध्ये लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या ७.० च्या चाचणी आवृत्तीत ‘पर्सनल एडिशन’ हे दोन शब्द दिसले. पुढे वैयक्तिक वापरापुरतेच मोफत राहणार की काय, अशी भीती पसरली आणि ते चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनला खुलासा करावा लागला. ते शब्द ७.० मधून काढले गेले. २०२१ च्या ७.१ मध्ये ‘कम्युनिटी’ हा शब्द आला. तिथे तर घोषवाक्यही नव्हते, नावाला लावलेली चिठ्ठी होती. तरी एवढे झाले, कारण लोकांनी ती चर्चेआधी तयार वस्तूत पाहिली.

नोंदणीबद्दल थोडक्यात. भारतात व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा १९९९ चा. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि ऑनलाइन सेवेसाठी वर्ग ४२. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण केवळ वर्णन करणारी वाक्ये कलम ९ खाली अडतात, आणि तुमच्यासारख्याला वर्णनाच्या जवळचेच वाक्य लागते. म्हणून पैसे असतील तर प्रकल्पाचे नाव नोंदवा, घोषवाक्य राहू द्या. ते एखाद्या व्यक्तीच्या नावावर न राहता प्रकल्पाचे राहावे असे वाटत असेल, तर कायद्याने उभी असलेली संस्था लागते. डेबियनचे व्यापारचिन्ह ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेच्या नावावर आहे. निवडलेले वाक्य दुसऱ्याचे नाही ना, हे मात्र त्याच दोन वर्गांच्या सार्वजनिक शोधात आणि अवतरणचिन्हांसह आंतरजालावर शोधून पाहाच.

घोषवाक्य आणि वर्णन वेगळे ठेवा. कोड ठेवण्याच्या गिटहबवर वर्णनाला ३५० चिन्हे मिळतात, अँड्रॉइड अ‍ॅपच्या एफ-ड्रॉइड आणि गूगल प्ले या दुकानांत लघुवर्णनाला ८०, लिनक्स अ‍ॅपच्या फ्लॅटहबच्या निकषांत सारांशाला ३५. तिथे सॉफ्टवेअर काय करते ते लिहायचे असते. घोषवाक्य संकेतस्थळाच्या माथ्यावर, ‘रीडमी’ या कोडसोबतच्या ओळख-फाइलच्या पहिल्या ओळीत आणि ‘विषयी’ खिडकीत. देवनागरीत मोजताना फसगत होते, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतो. ‘सोसायटीचा हिशेब, सर्वांसमोर’ हे वाक्य घ्या: आपल्या मोजणीने १३ अक्षरे, युनिकोड या अक्षर-संकेतांच्या मोजणीने स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून २७ चिन्हे, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत ७५ बाइट. एखादा रकाना बाइटमध्ये मोजत असेल तर वाक्य मधेच तुटते आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो.

छपाईला देताना वाक्य मजकूर म्हणून पाठवू नका. बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून युनिकोडपूर्व फॉन्ट चालतात. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि रफार सुटतो. अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेषाचित्रात बदलून, पीडीएफ द्या आणि एक प्रत प्रत्यक्ष आकारात छापून पाहा. ‘र्वां’सारख्या अक्षरावर रफार आणि अनुस्वार शेजारी येतात, लहान स्टिकरवर ते एकमेकांत मिसळून ठिपका होतो. तसे झाले तर आकार वाढवा किंवा सडपातळ फॉन्ट घ्या. शब्द बदलू नका, त्यासाठी मतदारांकडे परत जावे लागेल.